बिननंबराचं इंजिन

बाई, तुमच्या इंजिनावर नंबर रंगवायला मी नकार दिला. हे आधी सांगून टाकते. माझ्या प्रत्येक पत्रकाचा पहिला परिच्छेद तुम्ही आडवी रेघ मारून उडवायचात आणि दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणायचात, "हं, इथून सुरू होतंय बघ." म्हणून इथूनच.

कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याला तुमचं इंजिन हवं होतं, रिसेप्शनच्या काउंटरवर ठेवायला. पण आहे तसं नको होतं. काळं कुळकुळीत हवं, वरून चकचकीत वॉर्निश हवं, नळ्यांना सोनेरी रंग हवा. तोंडावरचा तो लाल डाग खरवडून साफ करायचा. आणि मागच्या टेंडरवर, म्हणजे कोळशा-पाण्याच्या डब्यावर, त्याच्या स्वतःच्या मोटारीचा नंबर टाकायचा. तो नंबर त्याला लाभतो म्हणे. हे सगळं करणार कोण, तर मी. घोषणा रंगवणारी मुलगी म्हणून कर्जतमध्ये मला ओळखतात, आणि बाईंचं काम तुझ्याशिवाय कोण करणार, हे मला ऐकवायला कुणी विसरत नाही.

तुम्ही गेल्यावर तुमच्या शाळेत शोकसभा झाली. आदर्श शिक्षिका झालं, शिस्तप्रिय झालं, त्यागमूर्ती झालं. त्यागमूर्ती ऐकल्यावर मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात तुमच्या लाल पेन्सिलीनं रेघ मारली. त्या सभेत कुणी सांगितलं नाही की ह्या बाईंच्या नखांत कायम करडा रंग असायचा. निवृत्त झाल्यावर ह्यांनी तीर्थयात्रा केली नाही, क्लासेस काढले नाहीत. भिसेगावातल्या दोन खोल्यांत बसून दुसऱ्या महायुद्धातलं एक लष्करी वाफेचं इंजिन हातभर लांबीचं बनवलं, रिव्हेट न् रिव्हेट मोजून. हे बहुतेक तिथं कुणाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसावं.

आपली ओळख भिंतीवर झाली. खडी क्रशरच्या विरोधात मी रेल्वे फाटकाजवळ घोषणा रंगवत होते. आमच्या लोधिवलीकडचा डोंगर फोडून त्याची धूळ आमच्याच ताटात पडत होती, त्यामुळे अक्षरं मोठी होती आणि राग त्याहून मोठा. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन मागे उभ्या राहिलात. मला वाटलं, झालं, आता भिंत खराब करतेस म्हणून ओरडणार. तुम्ही विचारलंत, "ओळीची सुरुवात मधल्या अक्षरापासून का केलीस?"

मी सांगितलं, कडेपासून सुरू केलं की शेवटचा शब्द हमखास खांबावर जातो. आधी अक्षरं मोजायची, मधलं अक्षर भिंतीच्या मध्यावर टाकायचं, मग दोन्हीकडे पसरायचं. नवशिके कडेपासून लिहितात आणि त्यांचा निषेध गटारात संपतो. तुम्ही हसलात. मग माझा हात मनगटाशी धरून पाहिलात, भाजीवाल्याकडे दुधी पाहावा तसा. म्हणालात, हात स्थिर आहे, माझ्याकडे याहून लहान अक्षरांचं काम आहे. किती लहान, विचारलं, तर करंगळीचं नख दाखवलंत.

मी दुसऱ्याच दिवशी आले. टेबलावर ते उभं होतं. बॉयलर म्हणजे प्लंबरकडच्या पाइपाचा तुकडा, चाकं खोपोलीच्या लेथवाल्याकडून कातून आणलेली, बाकी सगळा पितळी पत्रा. पत्र्यावरचे रिव्हेट तुम्ही शाळेतल्या कंपासपेटीतल्या कर्कटकानं मागून टोचून उठवले होते. आयुष्यभर पोरांना वर्तुळं काढायला लावली, आता त्याच टोकानं इंजिन शिवत होतात. रंग करडा, मेलेला, जराही चमक नसलेला. मी ब्रश काढला आणि विचारलं, कोणता नंबर टाकू?

"तोच माहीत नाही," तुम्ही म्हणालात.

"मग मला कशाला बोलावलंत?"

"सापडला तर हात तयार हवा."

मला राग आला होता, बाई. दुपार फुकट गेली म्हणून. तुम्ही मात्र चहा टाकलात आणि माझं पत्रक मागून घेतलंत. निर्लज्ज, अमानुष आणि रक्तपिपासू ही तिन्ही विशेषणं एका वाक्यात बघून विचारलंत, क्रशर नेमका करतो काय, ते कुठं लिहिलंय? कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिथून आपलं सुरू झालं. तुम्ही माझी पत्रकं छाटायची आणि मी तुमच्या इंजिनाची बारीक कामं करायची: ड्रायव्हरच्या खोलीतली डायलं, दांड्यांच्या मुठी, कंदिलाच्या काचा.

आणि भांडायचं. पहिल्या महिन्यातच मी तुम्हाला विचारलं होतं की एवढ्या मायेनं ज्याला कुरवाळताय ते आहे काय? ह्यानं तोफगोळे ओढले, ते माणसांवर पडले. युद्ध साहेबाचं, मेले मात्र कुणीही. माझी मंडळी मला विचारतील, मिरवणुकीत शांततेचे फलक धरतेस आणि घरी जाऊन रणगाड्याच्या भावाला पावडर लावतेस का? तुम्ही ब्रश पुसत राहिलात. म्हणालात, परतीच्या फेरीला जखमी आणायचे ह्याच गाडीतून. मी म्हटलं, आधी पाठवलेच नसते तर आणावे लागले नसते. त्यावर तुम्ही ब्रश खाली ठेवलात आणि मी जिंकले असं मला वाटलं.

नंतर कळलं की तुम्ही माझ्याशी भांडतच नव्हतात. तो प्रश्न तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारायचा होता.

तुमचे वडील लढाईच्या दिवसांत रेल्वेत फायरमन होते. त्यांना तिकडे आसामात लष्कराच्या गाड्यांवर पाठवलं. ब्रह्मदेशाच्या आघाडीला माल जायचा त्या मार्गावर, अमेरिकेहून जहाजानं आलेल्या इंजिनांवर, ते कोळसा मारत होते. परत आले ते रेल्वेत गेलेच नाहीत. पोस्टात लागले आणि मरेपर्यंत त्या दिवसांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. एकदाच बोलले. तुम्ही लहान असताना शाळेसाठी आगगाडीचं चित्र काढलंत, इंजिन काळं रंगवलंत, चमक दाखवायला मध्ये पांढरी रेघ ओढलीत. वडिलांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "आमचं काळं नव्हतं. करडं होतं, आणि चमकत तर मुळीच नव्हतं. चमकलं की वरनं विमानाला दिसायचं." एवढंच. तुम्ही पुढं विचारलं, तर उठून बाहेर गेले.

त्या एका वाक्यावर तुम्ही सात-आठ वर्षं काम केलंत. कुठल्या कुठल्या आगगाडीवेड्यांना गाठून त्या जातीच्या इंजिनाची रेखाटनं मिळवलीत. पण वडील त्यातल्या कोणत्या इंजिनावर होते ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. मी म्हणायचे, टाकून द्या कोणताही नंबर, बघायला कोण येतंय? तुम्ही म्हणायचात, तुझ्या पत्रकात तू न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून लिहिशील का? मला खरं उत्तर माहीत होतं आणि तुम्हालाही माहीत होतं, म्हणून मी विषय बदलायचे.

धुळीचं भांडण मात्र मी विसरणार नाही. करडा रंग झाला, आता त्यावर प्रवासाची धूळ चढवायची होती. नवंकोरं इंजिन खोटं दिसतं म्हणालात. मला विचारलंत, तुमच्याकडे धूळ कशी बसते गं? मी म्हटलं, या आणि बघा. तुम्ही खरंच आलात. छत्री काठीसारखी टेकत आमच्या आळीतून चाललात आणि सागाचं एकेक पान उलटून बघत राहिलात. पत्र्याच्या शेडपाशी वाकलात, उभ्या टेंपोच्या बॉनेटवरून बोट फिरवलंत. आई दारातून बघत होती. मला म्हणाली, "ही बाई पानं काय वाचते काय गं?"

तुम्ही मला आनंदानं दाखवलंत: धूळ फक्त वरच्या अंगाला बसते, खालचं अंग हिरवं राहतं, आणि पाणी ओघळलं की मध्ये गडद रेघ पडते. इंजिनावर आपण सगळीकडे सारखी धूळ मारणार होतो, ते चूक ठरलं असतं. माझं डोकंच फिरलं. मी भर आळीत म्हणाले की ही धूळ आमच्या पोरांच्या छातीत जाते, आईच्या खोकल्यात आहे, आणि तुम्हाला तिचा रंग जमवायचाय?

तुमचा चेहरा पडला. आईनं मला चांगलंच झापलं, "घरी आलेल्या मान्साला असं बोलतात? पानी दे आधी." तुम्ही पाणी प्यालात, छत्री उचललीत आणि परत गेलात. मला वाटलं, संपलं.

दोन दिवसांनी तुमचा निरोप आला. गेले तर टेबलावर इंजिन नव्हतं, कागद होता. तुम्ही आमच्या पत्रकासाठी चार वाक्यं लिहिली होती. पानाच्या वरच्या बाजूला बोट फिरवा, मग खालच्या बाजूला फिरवा. घराच्या आत, फळीवरच्या डब्याच्या झाकणावर फिरवा, मग डब्याच्या पोटावर. जी वरून पडते ती धूळ रस्त्याची नव्हे. जिथून पडते तिकडे मान वर करून बघा. एकही विशेषण नव्हतं. ते पत्रक घेऊन आम्ही कचेरीत गेलो, सोबत सागाची फांदी नेली. साहेबानं खरोखर पान उलटून पाहिलं. क्रशर बंद झाला नाही, बाई, खोटं कशाला सांगू. पण त्याला जाळी लागली, पाणी मारायला लागले, आणि आईच्या डब्याची झाकणं आता रोज पुसावी लागत नाहीत. ती चार वाक्यं कुणाची होती हे मी आमच्या सभेत सांगितलं. तुमचे मात्र तोंडावर आभार मानले नाहीत. तुम्ही चहात साखर विसरला होतात, मी त्यावरच बोलत बसले.

आता त्या डागाबद्दल. गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. तुमच्या खाली राहणाऱ्या कुंदावहिनी, त्यांचा जेवणाच्या डब्यांचा धंदा आहे, त्या सकाळी त्यांच्या गॅसच्या शेगडीला, वजनकाट्याला, मुलाच्या रिक्षाला हळदकुंकू लावून वर आल्या. तुम्ही आंघोळीला गेला होतात. त्यांनी तुमच्या पकडी आणि कर्कटक पुजलं, फूल वाहिलं, आणि समोर एवढं मोठं यंत्र उभं बघून त्यालाच तेवढं वगळायचं कसं, म्हणून ओल्या बोटानं इंजिनाच्या पुढच्या गोल तोंडावर ठसठशीत कुंकू लावलं. चकचकीत ऑइलपेंट असता तर फडक्यानं निघालं असतं. तुमचा तो मेलेला करडा रंग टीपकागदासारखा. त्यानं सगळं पिऊन टाकलं.

मी आले तेव्हा वहिनी जिन्यात रडत होत्या आणि तुम्ही टर्पेंटाइनचा बोळा हातात घेऊन इंजिनासमोर बसला होतात. मी म्हटलं, द्या इकडे, मी काढते, नाहीतर तोंड पुन्हा रंगवू. आणि वर माझं भाषण ठोकलं, की अंधश्रद्धेला निदान युद्धाच्या इंजिनापासून तरी लांब ठेवा, दोन्ही एकत्र म्हणजे कहर.

तुम्ही बोळा खाली ठेवलात. तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. म्हणालात, "अगं, तिकडे शेडमध्ये फायरमन आपले, फिटर आपले. दसऱ्याला त्यांनी इंजिन तसंच सोडलं असेल का?"

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? पुरावा काय? तुम्हीच मला शिकवलंत ना, न पाहिलेलं लिहायचं नाही.

"नाही माहीत. पण बाबांनी घरी शिवणाच्या मशीनला कधी सोडलं नाही. इतकी वर्षं मी त्यांचं इंजिन करतेय असं समजत होते. मी नुसतं इंजिन करत होते. हे आत्ता त्यांचं झालं."

डाग तसाच राहिला. मला ते पटलं नाही आणि अजून पटलेलं नाही. नंबराला पुरावा हवा आणि कुंकवाला नको, हा कुठला न्याय? मी येता-जाता ते उकरून काढायचे. शेवटचं काढलं ते पनवेलच्या दवाखान्यात. तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही हातानं खूण केलीत: मध्यावर बोट ठेवलंत आणि दोन्हीकडे पसरवलंत. मधून सुरू कर. मी हसले. मला वाटलं, बऱ्या होऊन आलात की पुढं भांडू.

तर आता रिसॉर्टवाला. घर आवरायला तुमचा भाचा पुण्याहून आला. समीरदादा वाईट माणूस नाही. आत्याचं काम चार लोक बघतील ह्यात त्याला मान वाटत होता, आणि रिसॉर्टवाला बोलायला गोड होता. त्यानं येताना रंगाचे डबेही आणले होते. हेरिटेज लुक, म्हणाला. डागाकडे बघून म्हणाला, इथं गंज आलाय वाटतं. मग मला मोटारीचा नंबर सांगितला.

मी बोलले. कसं बोलले ते तुम्हाला आवडलं नसतं, विशेषणं भरपूर होती. मेलेल्या बाईच्या कामाला लिपस्टिक लावताय इथपर्यंत गेले. समीरदादाचा चेहरा आखडला. तो म्हणाला, हे आमच्या घरचं आहे, तू ठरवणार का? खरं होतं. मी ठरवणार कोण? त्यानं डब्याचं झाकण उघडलं. काळा रंग इतका चमकत होता की त्यात वरचा पंखा दिसत होता.

मग कुंदावहिनी दारातून आत आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "तो गंज नाय, दादा. कुकू हाय. मीच लावला. बाईंनी पुसू दिला नाय."

समीरदादानं विचारलं, का नाही पुसू दिलं? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि बाई, ह्या वेळी पहिला परिच्छेद उडवला. मी एवढंच म्हटलं, "हे तुझ्या आजोबांचं इंजिन आहे."

तो म्हणाला, "आजोबा? ते तर पोस्टात होते."

त्याला काहीच माहीत नव्हतं, बाई. आसाम नाही, कोळसा नाही, काही नाही. मी सांगितलं. जेवढं तुम्ही मला सांगितलं होतं तेवढंच, वर काही घातलं नाही. ते एक वाक्य सांगितलं: काळं नव्हतं, करडं होतं, आणि चमकत तर मुळीच नव्हतं. तो खुर्चीत बसला. मग त्यानं विचारलं, "आणखी काय म्हणाले होते?"

मी म्हटलं, एवढंच.

"आत्यानं पुढं विचारलं नाही?"

"विचारलं. ते उठून बाहेर गेले."

त्यानं रंगाच्या डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं, नीट, चारी बाजूंनी अंगठ्यानं. रिसॉर्टवाल्याला म्हणाला, माफ करा, हे आम्ही घरी नेतोय. रिसॉर्टवाला नम्रपणे गेला. डबे तसेच राहिलेत, कुंदावहिनी त्यातून त्यांचं फाटक रंगवणार आहेत. निघताना समीरदादानं मला विचारलं, नंबराचं काय करायचं? मी म्हटलं, जागा मोकळी ठेव. सापडला तर हात तयार आहे. तुमचं ते इंजिन गाडीच्या मागच्या सीटवर तुमच्याच गोधडीत गुंडाळून गेलं.

माझा आक्षेप कायम आहे, हे लक्षात असू द्या. युद्धाच्या यंत्रावर प्रेम करता येतं हे मला मान्य नाही. पण त्या दिवशी एका माणसानं आपल्या आजोबांबद्दल पहिल्यांदा काही विचारलं, ते तुमच्या त्या पाइपाच्या बॉयलरमुळे. माझ्या एकाही पत्रकानं आजवर कुणाला घरच्या माणसाबद्दल प्रश्न विचारायला लावलेला नाही. ह्यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ऐकायचं होतं. तुम्ही बहुतेक साखर विसरलेला चहा पुढं केला असतात.

काल दसरा झाला. यंदा त्यांच्याकडे सण नाही, तरी समीरदादाचा फोटो आला. पुण्यातलं टेबल, त्यावर इंजिन, टेंडर कोरं. तोंडावर जुन्या डागाच्या बरोबर वर नवं कुंकू. ह्या विषयावर माझी मतं सगळ्या तालुक्याला पाठ आहेत. मी फोन लावला आणि ओरडलेच जवळजवळ, "बोटाला पाणी नव्हतं ना लावलंस? तो रंग पितो सगळं."

तो म्हणाला, "लावलं ना. आत्याच्या खालच्या वहिनींना फोन करून विचारलं होतं. ओल्या बोटाशिवाय धरत नाही म्हणाल्या."

मी फोटो मोठा करून पाहिला. धरलंय, बाई.